खाल्लेला 'ह'

"'आमी' नाही, 'आम्ही'. ह कुठे गेला? खाल्लास? सकाळी घरी काही खायला मिळालं नव्हतं का?"

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी दारातच उभी. दर्यापूरची जीप उशिरा सुटली, आमी अडकलो, इतकंच सांगत होती मी. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात फ्रेंचचे हे सर पुण्याहून आलेले. त्यायनं मले पुढं बोलावलं. "म्हण. आम्ही. तुम्ही. नाही." मी म्हनत गेली. पोट्टे मोठ्यानं मोजत गेले. घसा कोरडा पडला तवा बसू देलं.

मले दुभाषी व्हायचं होतं. म्हनून गिळलं.

मग सरनं फळ्यावर क्रियापदाचं एक लांब रूप लिहिलं. 'आम्ही राहू, राहायला मिळालं तर', एवढं सगळं दोन शब्दात. मलेच उठवलं. दिसली ती अक्षरं मी वाचली. "नूस हाबितेरिऑन्स."

"अगं बाई, भाकरी थापतेस का?"

पुन्हा हसू. सरनं खडूनं तुकडे पाडले. नू-झा-बि-ते-रियों. "पहिल्या शब्दातला 'स' एरवी मुका. इथं तो 'झ' होऊन पुढच्या तुकड्यात जातो, कारण मधला ह उच्चारायचाच नाही. फ्रेंच लोक ह गाळतात. किती नाजूक भाषा आहे बघा!"

मी खाली बसलीच नाई.

"सर, त्यायनं ह खाल्ला तर नाजूक. आमी खाल्ला तर उपाशी?"

सरनं खडू टेबलावर आपटला.

"ती संस्कृती आहे. तुमचा अडाणीपणा. माफी माग. शुद्ध मराठीत."

"नाई मांगत. आन् शुद्ध मराठी कोनाची, तेबी सांगा."

त्यायनं दाराकडं बोट केलं. मी निघाली. स्टँडवर रडली. सरनं हाकललं म्हनून नाई. पाहुन्यापुढं, बँकेत, मुलाखतीत, जिथं तिथं मी तोंड उघडायच्या आधी आपली बोली लपवत आली होती. लहानपनापासून. कोनी सांगतलं होतं मले?

पुढच्या आठवड्यात शबानाचा फोन आला. अकोल्याची, माह्या बाकावरची. "सर म्हनून राहिले, माफी मांगितली तर परीक्षेले बसू देतो. काय सांगू?"

मोबाइलवर एक फ्रेंच बाई क्रियापदं म्हनत होती, मी तिच्या मागं मागं म्हनत होती. ते थांबवलं.

"सांग त्याले," मी म्हनलं, "परीक्षेले मी येऊन राहिली. कॉलेजची हाये ते, त्याच्या बापाची नाई. माफी-गिफी काई भेटत नाई."