बिनगंजाचं चाक

मी गंज रंगवते. म्हणजे गेल्या दसऱ्यापर्यंत रंगवत होते.

लोखंडावरचा गंज नाही. प्लायवूडवर, प्लास्टिकच्या पाइपावर, पुठ्ठ्यावर गंज चढल्यासारखा दिसेल असा रंग. लोकांना तो घरात भिंतीवर हवा असतो. कशाला हवा असतो ते मला विचारू नका. माझं आयुष्य गंज झाकण्यात गेलं. नवरा अमरावतीत पत्र्याच्या पेट्या करायचा, मी त्यांना रंग द्यायची. बायका माहेरच्या जुन्या पेट्या घेऊन यायच्या. आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग लाल ऑक्साइडचा एक हात, मग वर निळा नाहीतर हिरवा रंग, आणि हौस असेल तर झाकणावर कमळ. चौथीपर्यंत शाळा झाली, बाकी जे शिकले ते त्या पेट्यांवर. नवरा गेला, दुकान बंद झालं. मूलबाळ नाही. डबे-ब्रश तेवढे राहिले.

मग अकोल्याहून भाची आली, माझ्या लहान बहिणीची मुलगी. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. घड्याळाच्या पोटातून दात्यांची चाकं बाहेर आलेली. नळाच्या पाइपांचा दिवा, त्याला बॉयलरवरचं वाटावं असं काट्याचं मीटर. सगळ्यावर गंज.

"याले स्टीमपंक म्हणतात, मावशी."

"हे तं भंगार होय."

"भंगारच. पण नवं बनवाचं अन् जुनं दिसलं पाह्यजे. लोक हौसेनं घेतात."

"येड लागलं का वं लोकायले?"

"लागलं तं लागू दे ना. तुमी गंज करून देता का, तेवढं सांगा."

तिने स्वतः केलेला एक नमुना आणला होता. जिलबीला रंग द्यावा तसा सगळीकडे सारखा गंज. मी म्हटलं, असा गंज कुठे पाहिला तू? गंज पाणी थांबतं तिथे धरतो. बोल्टच्या खाली, जोडात, पत्रा दुमडला असेल तिथे. वरच्या कडेला नाही धरत, तिथून पाणी निघून जातं. मी पन्नास वर्षं तो घासून काढला आहे, मला त्याचं घर माहीत आहे.

म्हणून मी केला. लाल ऑक्साइडमध्ये खायचा सोडा घातला की रंग फुगतो आणि खरखरीत होतो. त्यावर सुकलेल्या घोसाळ्याच्या चोथ्याने काळा आणि नारंगी रंग ठिपक्या ठिपक्यांनी द्यायचा. लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणून ओल्या गोंदावर भुरभुरायचा आणि वरून मिठाचं पाणी मारायचं. दोन दिवसांत बोट लावलं तर बोटाला लागेल असा गंज. भाचीने पहिलं चाक हातात घेतलं आणि वजन नाही म्हणून तीच दचकली.

माझी एकच अट होती. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवायची. तिथे रंग नाही, काही नाही, नुसतं लाकूड नाहीतर प्लास्टिक. घेणाऱ्याने उलटं केलं की त्याला कळलं पाहिजे. भाची कुरकुरली, "कोण उलटं करून पाह्यते?" पण बहीण म्हणाली, "ताई म्हणते तं राहू दे."

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा तिला मीच वाढवलं. वाढवलं म्हणजे दोन वेळ जेवायला घातलं आणि चुकली की रपाटा दिला. आता मला ताई म्हणणारी तेवढी एकच उरली आहे. अकोल्याला ती आणि भाची लाकूड कापायच्या, जुळवायच्या, एसटीने माझ्याकडे पाठवायच्या. मी रंगवून परत पाठवायची. तीन वर्षं असं चाललं, आणि चांगलं चाललं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, काय रंगवलं, काय रांधलं.

आता चाकाचं सांगते. आमचे बाबा अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. फॅक्टरी बंद पडली तेव्हा त्यांनी तिथून एकच वस्तू घरी आणली, ताटाएवढं दात्याचं बिडाचं चाक. त्याचा एक दात तुटला होता. चालू हंगामात नवं चाक येईना, म्हणून बाबांनी पितळेचा तुकडा कानशीने घासून त्या जागी बसवला आणि त्यावर पुढचे कितीतरी हंगाम कापूस निघाला. ते कधी बढाई मारत नव्हते, पण येणाऱ्याला तो दात मात्र दाखवायचे. शेवटची वर्षं ते माझ्याकडे राहिले, म्हणून चाक माझ्याकडे. दाराच्या वर खिळ्यांवर बसवलेलं. खंडेनवमीला मी ते खाली काढायची, तेल लावून पुसायची, हळदकुंकू वाहायची आणि परत वर ठेवायची. फॅक्टरीत बाबा त्या दिवशी मशीनची पूजा करायचे, त्याचंच मी चालू ठेवलं. दरवर्षी तेल बसल्यामुळे त्याला गंज म्हणून नव्हता. काळंभोर होतं.

मागच्या उन्हाळ्याच्या आधी भाची म्हणाली, "मावशी, एका गिऱ्हाइकाले अस्संच चाक पाह्यजे. पितळी दातासगट. अन् गंज नोको, जसं हाय तसंच काळं."

आमच्याकडून बिनगंजाची वस्तू कोणी मागितली अशी ती पहिली वेळ. तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. पण मला उलट बरं वाटलं. बाबांचं चाक कोणाला तरी आवडलं. ते खाली काढून समोर ठेवलं आणि आठ दिवस खपून तसंच केलं. काळ्या रंगात शिसपेन्सिलीची पूड घातली म्हणजे बिडाची चमक येते. पितळी दाताला तर खरा पितळेचा पत्रा चढवला. मागे अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवली. दोन्ही चाकं जवळजवळ ठेवली आणि शेजारच्या पोराकडून बहिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "ताई, ओळखू नाई येत वं." मी खूश झाले, नवं चाक एसटीने अकोल्याला पाठवलं आणि बाबांचं परत दाराच्या वर बसवलं.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बहीण अकोल्याहून येऊन पंधरा दिवस राहिली. डोळ्यात थेंब घातले, खिचडी करून दिली, केस धुऊन दिले. डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून मला मागे मान टाकून बसवायची आणि बडबडत डोकं धुवायची. पट्टी निघाल्यावर घरातलं सगळंच मला नवं दिसायला लागलं. भिंतीचा रंग पिवळा नव्हता, पांढरा होता. माझे हात इतके सुरकुतलेले आहेत हे माहीत नव्हतं. दाराकडे पाहून मी म्हटलं, "चाक किती चकचकीत दिसते वं."

ती म्हणाली, "डोळा नवा झाला ना तुहा, ताई."

हे वाक्य मी विसरणार नाही. किती पटकन म्हणाली. विचारसुद्धा करावा लागला नाही तिला.

खंडेनवमीला मी स्टुलावर चढले. ते चाक काढताना दरवर्षी हात ताठ करावे लागतात, छातीशी धरून उतरावं लागतं. मी तसाच जोर लावला आणि तोल जाऊन पडता पडता वाचले. हातात काही वजनच नव्हतं. उलटं केलं. मागे अंगठ्याएवढं कोरं लाकूड. माझंच काम.

मी हळदकुंकवाचं ताट बाजूला ठेवलं. फोन केला नाही. फोनवर माणूस काहीही सांगतो. दुसऱ्या दिवशी दसरा होता, तरी सकाळची एसटी धरली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेले.

बहीण दारात तोरण बांधत होती. मला पाहून हसली आणि माझ्या हातात पिशवी नाही, काही नाही, हे पाहून हसू गेलं.

"चाक कुठी हाय?"

"कोणतं चाक?"

"बाबाचं."

तिने तोरण तसंच अर्धं सोडलं. "पोरीले काई म्हणू नको. मीच केलं."

एका माणसाने कॉफीचं मोठं हॉटेल काढलं होतं. सगळ्या भिंतींचं काम तो भाचीला द्यायला तयार होता, पण मधल्या भिंतीवर एक तरी खरी जुनी वस्तू हवी, असं त्याचं म्हणणं. मिळाली तर काम हिचं, नाहीतर नागपूरवाल्याचं.

"मले मागाचं होतं," मी म्हटलं.

"तू देल्लं असतं?"

"नाई."

"मंग?"

"मंग काय मंग? नाई देल्लं असतं. पण तू माह्या डोयात थेंब घालत होती वं."

ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "बाबा माहेबी होते. इतके वर्सं तुह्याच दारावर होतं ते चाक, मी कधी मागतलं? एकडाव माह्या पोरीच्या कामी आलं तं काय झालं?"

यात खोटं काही नव्हतं. बाबा तिचेही होते. तिने तोंडावर येऊन हे म्हटलं असतं तर मी भांडले असते, आठ दिवस अबोला धरला असता, आणि कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित. पण तिने मला चार महिने माझंच लाकूड बघायला लावलं. रोज संध्याकाळच्या फोनवर तिला ते माहीत होतं आणि मला नव्हतं.

मी म्हटलं, मला दाखव.

हॉटेलात गार होतं आणि अंधारासारखं होतं. सगळ्या भिंती आमच्याच कामाने भरलेल्या. पाइपांचे दिवे, घड्याळं. मध्ये चाक, त्यावर खास दिवा सोडलेला. मी जवळ गेले आणि आधी मला वाटलं हे नाही. कारण ते गंजलेलं होतं.

माझ्याच सोड्याचा गंज होता. खरं चाक काळं आणि तेलकट, ते कोणाला जुनं वाटेना, म्हणून खऱ्यावर खोटा गंज चढवला होता. वरच्या कडेलाही सारखाच लावलेला. मी शिकवून शिकवून थकले तरी बहिणीला ते जमलं नाही, ती वरपासून खालपर्यंत एकच हात फिरवते. पितळी दातावरूनही फिरवला होता. तो दात आता बाकीच्या दातांसारखाच दिसत होता.

मी नखाने तिथे खरवडायला लागले तसा मालक धावत आला. चाळिशीचा, बोलायला गोड.

"आजी, हात नका लावू. ओरिजनल आहे."

"ओरिजनल होय, म्हणूनच लावून राहिली."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारीला कौतुक आहे, म्हणून सांगायला लागला. इथल्याच जिनिंगमधलं चाक. तिथल्या फिटरच्या घरून मिळालं. त्यांची एक म्हातारी मुलगी होती, तिने आयुष्यभर जपलं, आणि जाताना देऊन गेली.

"कुठी गेली?"

"वारल्या त्या. यंदाच, उन्हाळ्यात."

मी मागे वळून पाहिलं. बहीण दाराजवळ उभी होती, फरशीकडे बघत.

माझ्या तोंडावर आलं होतं. ती म्हातारी मीच, म्हणायचं होतं. रॉकेलचा बोळा आण, तुझं ओरिजनल पाच मिनिटांत पुसून दाखवते. सांगितलं असतं तर चाक परत मिळालं असतं. भाचीचं काम गेलं असतं, तोंड काळं झालं असतं, आणि बहिणीने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. चाक का बहीण, असा प्रश्न होता. मी बहीण धरली. मालकाने बसवून कॉफी दिली, दसरा आहे म्हणून, म्हाताऱ्या माणसाला फुकट. कडू होती. सगळी प्यायले.

बहीण स्टँडवर सोडायला आली. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "ताई, रागावली का वं?"

"रागावली."

"मंग काऊन नाई सांगतलं त्याले?"

मी तिकिटाचे पैसे मोजायला लागले. मला वाटलं होतं तिला कळलं असेल.

त्यानंतर मी ब्रश धरला नाही. भाचीला सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो. तिने एकदाही जास्त विचारलं नाही. बहीण मात्र पूर्वीसारखा रोज संध्याकाळी फोन करते आणि मी उचलते. मी भांडत नाही. तिला वाटतं सगळं निवळलं.

पण मी बहीण धरली असं जे वाटलं होतं, ते चुकलं. परवा ती म्हणाली, आज मुगाचं वरण केलं, भात केला, जेवण झालं. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. खरंच मुगाचं केलं असेल का, हाच विचार. मुगाच्या वरणाबद्दल कोणी खोटं बोलत नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी मी जेवायला उठेपर्यंत तोच विचार करत होते.