टायरगाडीचा नंबर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याने उसाचा वजनकाटा कॉम्प्युटरवर घेतला. प्रोग्रॅम पुण्याच्या कंपनीचा, आणि तो सांभाळायला कंपनीने नेमलं मला. मी निमोण्याची, शिरूरच्या क्लासात सी प्लस प्लस शिकलेली. काट्यावर बाई म्हणजे तिथं नवलच होतं. मला दिलेली खुर्ची इतकी बुटकी होती की टाइप करताना हात खांद्याशी यायचे. मी तक्रार केली नाही. सगळे तिचीच वाट बघत होते.

शेजारी आप्पा बसायचे. जुने कारकून, आयुष्यभर वजनं वहीत लिहिलेली. काटा कॉम्प्युटरवर गेला तरी त्यांची जाडजूड वही मांडीवरच होती.

पहिल्या दिवशी सकाळी ट्रक आणि ट्रॅक्टर झरझर गेले. मग बैलांच्या टायरगाड्या लागल्या आणि प्रोग्रॅमने आरटीओचा नंबर मागितला. बैलगाडीला कुठला आलाय आरटीओ! मी नेमकी चहाला उठले होते. आप्पांनी गाडीवानाला बैलाचं नाव विचारलं आणि 'एमएच बारा सर्जा' असं ठोकून दिलं. प्रोग्रॅमने ते निमूट घेतलं. चौथ्या गाडीचा बैलही सर्जाच निघाला. पडद्यावर आलं, हे वाहन आत आहे, रिकामं होऊन गेल्याशिवाय पुन्हा वजन होणार नाही.

"आप्पा, अहो निम्म्या तालुक्याचे बैल सर्जाच असतात!" मी परत येऊन ओरडले.

"मग काय त्यांची विंग्रजी नावं ठेवायची व्हय?"

रांग पार फाटकाबाहेर गेली. बैल उन्हात, गाडीवान शिव्या देतायत. काट्याचे साहेब आले आणि म्हणाले, "दोन वाजेस्तोवर गाड्या हलल्या न्हाईत तर वही चालू करा, आप्पा. आन् बाई, हा डबा पुण्याला परत. त्याच्यासंगं तुम्ही बी."

माझं डोकं फिरलं. पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळून मी निमोण्याला जाणार नव्हते.

प्रोग्रॅममध्ये 'वाहन' नावाचा पेरेंट क्लास होता, म्हणजे कोडचा मूळ साचा. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी ही त्याची लेकरं. वजन कसं घ्यायचं, पावती कशी छापायची, नंबर कसा विचारायचा, हे सगळं त्यांना वाहनाकडून आयतं मिळायचं. वाहनातूनच तो प्रश्न पुसला असता तर ट्रकही बिननंबरचे सुटले असते. म्हणून मी वाहनाला हात लावला नाही. बैलगाडीच्या क्लासात, प्रश्नाचं कोडमधलं नाव तेच ठेवून, तिचा वेगळा प्रश्न लिहिला: करार नंबर. कारखाना तो प्रत्येक गाडीवानाला देतो, गाडीच्या फळीवर रंगवलेला असतो. बाकी वारशाने आलेलं सगळं तसंच ठेवलं.

प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. गाडी काट्यावर चढली. पडद्यावर तोच प्रश्न, आरटीओ नंबर. खिडकीत जमलेली माणसं खो खो हसली. आप्पांनी वही उघडून पेनचं टोपण काढलं. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

कोड परत वरून वाचायला घेतला आणि चूक दिसली. काट्याचा मुख्य प्रोग्रॅम येईल त्या गाडीला नुसतं 'वाहन' समजत होता, म्हणून प्रश्नही वाहनाचाच विचारत होता. लेकराला आपलं म्हणणं चालवायचं असेल तर आधी वाहनातल्या त्या प्रश्नाने तशी मोकळीक द्यावी लागते, त्याच्यापुढे 'व्हर्च्युअल' लिहावं लागतं. मी तेवढा एक शब्द घातला. पावणेदोन झाले होते.

पडद्यावर आलं, करार नंबर.

"फळीवरचा नंबर सांगा, मामा!" मी खिडकीतून गाडीवानाला इतक्या जोरात ओरडले की बैल बुजले.

त्याने नंबर सांगितला. वजन आलं, पावती निघाली, गाडी खाली उतरली. दुसरी आली, तीही उतरली. मागून ट्रक आला, त्याला प्रोग्रॅमने बरोब्बर आरटीओच विचारला. दोन वाजता साहेब आले, तेव्हा रांग फाटकाच्या आत आली होती. ते रांग बघून परत गेले. असा आनंद मला पुढे पगारवाढीनेही झाला नाही.

 आप्पांनी पेनचं टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाले, "ऊठ जरा, पोरी."

मी उठले. त्यांनी ती जाडजूड वही माझ्या खुर्चीवर ठेवली आणि हाताने थोपटली.

"आता बस. हात पुरंल नीट."

अख्खा हंगाम मी त्या वहीवर बसून वजनं घेतली.