पडूदेबाई

इस्पितळाच्या तळमजल्यावर, लॅबच्या मागच्या खोलीत बसून सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल करणाऱ्या बाईंना लोक 'पडूदेबाई' म्हणत. नाव ठेवलं साहेबांनी, चिडून. बाईंनी ते खुशाल मिरवलं.

भानगड अशी. लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचवणारा एक प्रोग्राम पडद्याआड चालायचा आणि अधूनमधून कोसळायचा. आधीच्या माणसाने त्याला एकच हुकूम देऊन ठेवला होता: पडलास की लगेच ऊठ, कितीही वेळा. त्यामुळे प्रोग्राम चालू असल्याचं दाखवणारा साहेबांच्या केबिनमधला दिवा कायम हिरवा आणि साहेब कायम खूश. बाईंनी नोंदी उपसल्या तेव्हा दिसलं, की पठ्ठ्या एका दिवसात एकशे बारा वेळा पडला नि उठला होता, आणि दर वेळी पडताना हातातला रिपोर्ट गिळून बसला होता. लॅब म्हणे, पाठवला. वॉर्डातली सिस्टर म्हणे, मिळाला नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बाईंनी हुकूम बदलला. पाच मिनिटांत तीनदा पडलास तर पडूनच राहा, दिवा लाल होऊ दे. म्हणजे पुढचे रिपोर्ट रांगेत सुखरूप थांबतील आणि तोवर लॅबवाले कागद घेऊन जिना चढतील.

दुसऱ्याच दिवशी अकराला दिवा लाल झाला. साहेब तरातरा खाली आले.

"बंद का पडलंय? चालू करा आधी!"

"पडू दे. का पडतंय तेच शोधतेय."

"दुपारी तपासणीला माणसं यायचीत. जुनं होतं तसं करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंना नोकरीची भीती वाटली, खोटं कशाला बोला. घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चालत होतं. पण त्याहून जास्त आला तो राग. त्या उठल्या आणि खुर्ची साहेबांपुढे सरकवली.

"बसा. तुम्हीच करा. एकच ओळ बदलायचीय. फक्त त्याआधी सिस्टरला फोन लावा नि सांगा, आज कुणाकुणाचा रिपोर्ट हरवला तर चालेल. नावानिशी सांगा."

साहेब तावातावाने बसले. बोटं कीबोर्डवर ठेवली, पण कळ काही दाबवेना. फोनकडे तर त्यांनी बघितलंही नाही.

"किती वेळ लागेल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लागेल तेवढा," बाई म्हणाल्या. "आता उठा. माझी खुर्ची आहे ती."