बटणं बंद केल्यावर

रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की आमचे मामा दारात थांबून विचारायचे, "कोन हाय का?" उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. तरी क्षणभर वाट बघायचे, मग बटण बंद करून पुढच्या वर्गाकडे वळायचे.

टेमघरच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि मामा प्रयोगशाळा सांभाळायचे. मूळचे पूर्णा गावचे. तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि थोडे वचकूनही असतात. एकदा मुख्याध्यापक कपाटामागे वाकून फाइल शोधत असताना मामांनी दिवा घालवला. "अहो, मी आहे इथे," आतून आवाज आला. मामा शांतपणे म्हणाले, "मंग इचारलं तवा बोलायचं ना, सर."

सातवीला वीजबचतीचा उपक्रम आला, तेव्हा मी मुलांकडून तक्ते करून घेणार होते. मामा म्हणाले, "तक्त्यानं वीज वाचत न्हाय, बाई. पोरांना घरचा मीटर बघू द्या." मग त्यांनीच वर्गाला समजावलं: मेन स्विच चालू ठेवायचा, पण घरातली सगळी बटणं बंद करायची, चार्जरसुद्धा काढायचा. मग मीटरवरचा लाल ठिपका बघायचा. "तरी लुकलुकला, तर कायतरी वीज खातंय."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मुलं हौसेने सांगत होती. कोणाचा टीव्ही सापडला होता, कोणाची पाण्याची मोटर. रुखसार हळूच म्हणाली, "बाई, आमचा ठिपका थांबतच नाही."

"फ्रिज राहिला असेल."

"आमच्याकडे फ्रिज नाही."

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळले.

मागे काचेची भांडी पुसत असलेल्या मामांनी तिला विचारलं, "घरात कुठं हात लावला का झिणझिण्या येतात?"

ती आठवत म्हणाली, "अम्मीला येतात. मोरीतल्या नळाला."

मामांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

मुख्याध्यापकांना सांगून आम्ही तिघं लगेच रिक्षात बसलो. वाटेतच मामांनी ओळखीच्या वायरमनला फोन लावला. कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला लागून खोल्यांची रांग होती. रुखसारची आई मोरीत कपडे धूत बसली होती.

"भाभी, नल को हात मत लगाओ. पहले बाहर आओ," मामा दारातूनच म्हणाले. ती गोंधळून बाहेर आली. मामांनी मेन स्विच खाली ओढला आणि ते पायरीवर बसले.

वायरमनने मोरीची भिंत उघडली. उंदरांनी वायर कुरतडली होती आणि ओल्या भिंतीतून करंट नळात उतरत होता. "मला वाटायचं, कमजोरी आहे," रुखसारची आई मला म्हणाली. "दोन महिने टॉनिक पितेय मी."

संध्याकाळपर्यंत नवी वायर टाकून झाली. करंट गळला तर वीज आपोआप तोडणारा स्विचही बसला. वायरमनने तपासून मान हलवली, तेव्हा तिने नळाला आधी बोट लावलं, मग अख्खा तळवा. "कुछ नहीं," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. तेव्हा कुठे मामांनी प्यायला पाणी मागितलं.

परतताना मी म्हटलं, "मामा, मी लक्षच दिलं नाही."

"तुम्ही शिकवत होता, बाई. मी मोकळा होतो, म्हनून ऐकू आलं."

त्या दिवशी ते मोकळे नसते तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

मागच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी रुखसारची आई आली होती. भाषणं संपल्यावर तिने त्यांची पिशवी उचलली आणि ते "ऱ्हाऊ दे, भाभी" म्हणत असताना रिक्षात नेऊन ठेवली. रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी ती फाटकापाशी होती. उन्हात, कपाळावर हात धरून, धडधाकट उभी.