सात पाण्यांचं म्हावरं

आमच्या कोन गावातल्या घरी म्हावरं सात पाण्यांनी धुतलं जायचं. इतरांकडे दोन-तीन पाण्यांत भागायचं. आई परातीत बोंबील घेऊन बसायची, पाणी बदलायची, वास घ्यायची, मोजणी चुकली वाटली की पुन्हा पहिल्यापासून. सातव्या पाण्यापर्यंत बोंबलांचा लगदा व्हायचा. आम्ही पोरं हसायचो, वडील हसायचे, अख्खी आळी हसायची. आई मात्र हसत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

लग्न होऊन नवीन पनवेलला आले आणि मीही सात मोजू लागले. भांडी, दाराची कडी, गॅसचं बटण. स्वतःचाच संताप यायचा. शेवटी डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेतल्या, मनातलं बोलले. खरं सांगते, आता मी मजेत आहे. गॅस एकदा बघते. फार तर दोनदा.

गेल्या वर्षी बाथरूमच्या बंद दाराआडून माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा आवाज आला. "पाच, सहा, सात." आणि पुन्हा "एक". मी तर तिच्यासमोर कधी मोजत नव्हते! मी दार ठोठावलं. ती बाहेर आली तेव्हा हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती.

मी तिला माझं सगळं सांगितलं. पण डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं की ती फुरंगटायची. "मी मेंटल नाहीये. स्कूलमध्ये कळलं तर?" आठवडाभर मनधरणी केली, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. बाईसाहेब ढिम्म.

रविवारी आई कोलंबी घेऊन आली. सोलता सोलता तिने आमची वादावादी ऐकली.

"म्हंजे यो आजार हाय?" तिने मला विचारलं. "याला डाक्टर असतो?"

मी हो म्हटलं.

"मना वाटायचं, मीच खुली, येडी."

सत्तरीला टेकलेली माझी आई हे इतक्या साधेपणाने बोलली की मला तिच्याकडे बघवेना. आम्ही किती हसलो होतो तिला! तिने हात पुसले आणि नातीला जवळ घेतलं.

"माज्याकडनं तुज्या आयला आलं, तिच्याकडनं तुना. आदी माजा नंबर लावू. पन तू संगती चल, एकलीला मना भ्या वाटतंय."

लेकीने थोडा विचार केला. "घाबरू नकोस आजी. मी येते."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी दोघींच्या मध्ये बसले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

आईने हात वर केला. तिच्या मागोमाग लेकीनेही.