मालेगाव ते वाशीम, मधे एक तांब्या पाणी

सत्तरच्या दशकात मी वाशीमच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो. इंग्रजीच्या तासाला प्रश्न माझ्याकडे येऊ नये एवढीच इच्छा असायची. मला काही येतं असं कॉलेजात पहिल्यांदा कोणाला वाटलं असेल, तर ते खेळाच्या सरांना. मैदानावरच्या शर्यतीत मी कधी पहिला आलो नाही, पण सगळे थकून बसले तरी मी पळतच असायचो. सरांनी ते हेरलं होतं.

त्यांच्या मनात एक कल्पना होती. कॉलेजच्या एका विद्यार्थ्यानं अकोल्याहून निघून पातूर, मेडशी, मालेगाव करत एका दिवसात वाशीमपर्यंत पळत यायचं. पन्नास मैलांच्या आसपास अंतर. अशा पळण्याला आज अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. आम्हाला तो शब्द माहीत नव्हता, सर त्याला 'लांबची दौड' म्हणत. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "तुम्ही लिहून देत असाल की मुलाला झेपेल, तर परवानगी देतो." म्हणजे सगळं सरांच्या एका सहीवर होतं. आणि मला ती दौड हवी होती. इतकी, की रात्री अंथरुणावर पडलो की पातूरचा घाट डोळ्यांसमोर यायचा.

त्याच हिवाळ्यात एका मंडळानं मालेगाव ते वाशीम अशी रस्त्यावरची शर्यत ठेवली. तेरा मैल. सर म्हणाले, "ही शर्यत तू जिंकायची नाहीस. लांबच्या दौडीची तालीम म्हणून पळायची. पोरं पुढं गेली तर जाऊ दे. एका चालीनं ये. कुठं थांबायचं नाही, पाणी प्यायचं तर नुसतं तोंड ओलं करायचं, आणि बोलायचं नाही. दम बोलण्यात जातो. हे जमलं तर मी सही करतो."

पळताना पोटात पाणी जाऊ नये, असंच तेव्हा सगळे मानत. सरही मानत.

सकाळी मालेगावहून निघालो. अंगात बनियन, छातीवर नंबराचं फडकं, पायात कॅन्व्हासचे बूट. ते बूट गावातल्या कापड दुकानाच्या जैन शेठजींनी घेऊन दिले होते. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पुढची पोरं थोड्याच वेळात दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली तूर आणि मधे मी एकटा. सर सायकलवर मागून येत होते. पाय छान चालत होते. माझ्या मनासारखं सगळं चाललं होतं.

मागून एसटी आली. माझ्या बाजूला आल्यावर खिडकीतून एका माणसानं डोकं बाहेर काढलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरगावचा तो माणूस. ते गाव याच रस्त्यावर, वाशीमच्या अलीकडे. तो ओरडला, "काय झालं बे? काहून पळून राह्यला?"

बोलायचं नाही असं सरांनी सांगितलेलं. मी काहीच उत्तर दिलं नाही. गाडी पुढं निघून गेली.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा सडकेनं मोठा माणूस उगीच पळत नसे. कोणी पळत आला, तर घरी मयत झालेली असायची किंवा होण्याच्या बेतात असायची. त्यात आमचे बाबा त्या पावसाळ्यात फार आजारी होते. ते उठून शेतात जायला लागले होते, पण बहिणीला त्यांना पाहायला येता आलं नव्हतं. आधी निंदण, मग कापसाची वेचणी, सासरी तिच्यावाचून कोणाचं भागत नव्हतं. आणि आमचं घर मेडशीकडचं. म्हणजे मी पळत येत होतो तोही घरच्याच बाजूनं.

तो माणूस गावात उतरला आणि सरळ तिच्या दारात गेला. "तुया भाऊ मेडशीकून पळत येऊन राह्यला. अंगात सदरा बी नाई. इचारलं त बोलला नाई."

मी गावाच्या थांब्यापाशी पोचलो तेव्हा ती सडकेच्या मधोमध उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ तसंच. मला पाहून तिनं हंबरडाच फोडला.

"गेले न बाबा? सांग मले, गेले न?"

मी थांबलो. न थांबता कसा जाणार होतो?

"नाई बाई. बाबा बरे हायत. तुरी कापून राह्यले."

"मंग पळत काहून आला?"

"शर्यत हाय."

"एकट्याची शर्यत? मले येडी समजते काय?"

तिच्यामागून तिची सासू आली. फार करारी बाई. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बाकीचे कुठी हायत?"

"पुढं गेले."

"मंग तू हारला. आता कायले पळतं? चाल, घरी चाल."

बहिणीला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती थांब्यालगतच्या घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. "बाबा बरे हायत न? मंग हे पाणी पी."

आमच्याकडे मयतीचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरी बसत नाही आणि तिथलं पाणी पीत नाही. निरोप दिला की उभ्या उभ्या मागं फिरतो. तिला माझ्या बोलण्यापेक्षा त्या पाण्याची खात्री जास्त होती. मी तोंड ओलं करून तांब्या परत दिला. तिचा चेहरा आणखीच उतरला.

"अर्धं बी नाई पेला. लपवून राह्यला तू मायापासून."

तेवढ्यात सर येऊन थांबले. सायकलवरून न उतरता त्यांनी एक पाय जमिनीवर टेकला आणि घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि सडकेच्या कडेच्या दगडावर बसलो. सगळा तांब्या पिऊन टाकला. तिनं गुळाचा खडा दिला, तोही खाल्ला. मग ती माझ्याजवळ बसली आणि पुन्हा रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं. बाबा काय खातात, रात्री खोकतात का, माय एकटी कसं करते, एकेक विचारत राहिली. मी एकेक सांगत राहिलो.

सासूबाईंनी मोर्चा सरांकडे वळवला होता. "तुमी मास्तर काय? लोकाच्या लेकराले थंडीत उघडं पळवता?"

"चुकलं आई," सर म्हणाले.

"तुमी बी पाणी प्या."

सर सायकलवरून उतरले आणि पाणी प्याले. मग सायकलवर बसून ते पुढं निघून गेले. सही गेली, असं मी समजलो.

उठलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. गावाबाहेर पडतो न पडतो तोच बरगडीखाली कळ आली. थोडा चाललो. पुन्हा पळायला लागलो, पुन्हा चाललो. मग कधी तरी कळ गेली आणि पाय मोकळे झाले. मीच चकित झालो, कारण सकाळी निघताना होती तीच चाल परत आली होती.

वाशीमला पोचलो तेव्हा शेवटची दोरीसुद्धा काढून नेली होती. बक्षीस समारंभही आटोपला होता. सर एकटे उभे होते.

"कळ आली होती?"

"आली होती सर. चाललो थोडा."

"मग?"

"गेली. मग पळालो."

"उद्या पळशील?"

"पळेन सर."

सर म्हणाले, "अकोल्याहून निघालास तर तू कुठं ना कुठं थांबणारच. थांबल्यावर पुन्हा उठशील की नाही, हे मी पाहायला हवं होतं, आणि मी तुला थांबूच नको म्हणत होतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी सही करतो. पण आधी तुझ्या बहिणीला सांगून ये."

पुढच्या रविवारी एसटीनं तिच्याकडे गेलो आणि सांगितलं.

"अकोल्याहून? पायी? काहून, येष्टी बंद हाय काय?"

सर का पळवतात, मी का पळतो, ते मी तिला बराच वेळ समजावून सांगितलं. किती कळलं कोणास ठाऊक. शेवटी ती म्हणाली, "बरं. इथं कोनत्या टायमाले येशीन ते सांगजो. मी भाकर करून ठेवतो."

मी म्हणालो, वेळ नक्की सांगता येत नाही. पायांवर आहे.

"मंग मी सकाळपासूनच सडकेवर बसतो," ती म्हणाली.