बेचाळीस अंगठ्यांची चेष्टा

आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारे. त्रेपन्न साली साताऱ्याहून बदली होऊन आम्ही थेट बंगालात, बागबाजारात आलो. हे केंद्र सरकारच्या शेतीखात्यात कारकून. बंगालीचा दोघांनाही गंध नव्हता. तरी दार्जिलिंगच्या डोंगरातून नेपाळी पत्र आलं की साहेब ते ह्यांच्याकडेच सरकवायचे. लिपी आपलीच ना!

त्यातल्या एका पत्राने ह्यांची झोप उडवली. डोंगरातल्या एका गावाने मिळून पाट खणायचा, मग सरकारने बटाट्याचं बियाणं द्यायचं, असं ठरलं होतं. गावाने कळवलं, "हामी सबैले चेष्टा गर्‍यौं." खाली बेचाळीस अंगठे. ह्यांनी इंग्रजीत उतरवलं, आम्ही सगळ्यांनी थट्टा केली. साहेब असे भडकले की गावाचं नावच उडवलं. बियाणं दुसऱ्या गावाला गेलं.

"पण थट्टा करायला बेचाळीस माणसं अंगठे कशाला उठवतील गं?" हे जेवताना विचारायचे, आंघोळीला जाताना विचारायचे. मी वैतागायची. "मला काय विचारता? डोंगरात जाऊन विचारा!"

महिन्याभराने शेजारच्या वृंदादी मला लुची, म्हणजे त्यांची मैद्याची पुरी, शिकवत होत्या. माझी एक फुगेल तर शपथ! त्या हसून म्हणाल्या, "आबार चेष्टा कोरो." माझं डोकंच फिरलं. फजिती झालीय ती झालीय, वर आणखी चेष्टा करा म्हणे! मी ह्यांना हाक मारून तणतणत सांगितलं. वृंदादी बिचाऱ्या गोंधळल्या.

"गुरुदत्तबाबू, चेष्टा माने कोशिश!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, त्यांनी जीव तोडून पाट खणलाय," एवढंच म्हणाले आणि न जेवता कचेरीत गेले. चूक कबूल केली, बोलणी खाल्ली. साहेब म्हणाले, बियाणं आता पुढच्या साली. लागवड हुकली की तिथली माणसं मजुरीला चहामळ्यात जातात, हेही ते सहज बोलून गेले.

ह्यांनी घरी बसून हिंदीत माफीचं पत्र लिहिलं. कोण उत्तर देणार, असं मला वाटलं होतं. पण आलं. "फेरि चेष्टा गर्छौं." या वेळी अर्थ लगेच कळला आणि मला रडूच कोसळलं. पुन्हा प्रयत्न करतो म्हणताहेत हो!

ह्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. बोट ठेवून ठेवून अंगठे मोजत होते. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"बेचाळीस होते गं. हे एकतीसच कसे?"